मिलिटरीत निघालेल्यांचा निरोप समारंभ: मंडळांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा तालुक्यातल्या अपशिंगे मिलिटरीचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण कामी आले, त्यांचं स्मारक आजही गावात उभं आहे. आमचं गाव तेवढं नावाजलेलं नाही, पण दोन-चार घरांआड एक फौजी आमच्याकडेही आहे. भरतीचा निकाल लागला की, आणि यात्रेची सुट्टी संपत आली की, आजूबाजूच्या मंडळांचे फोन सुरू होतात: "पोरांचा निरोप समारंभ करायचाय, काय काय लागतं?" फोनवर तेच ते सांगून घसा बसला, म्हणून लिहून काढलं. आमच्या मंडळात दोन निवृत्त सुभेदार आणि एक निवृत्त नायक आहेत (नायक हाही फौजेतला हुद्दाच). खाली ज्या चुका सांगितल्यात त्या आम्ही केलेल्या, आणि दुरुस्त्या या तिघांनी सुचवलेल्या.

समारंभ नक्की कुणाचा करायचा?

तीन प्रकारची माणसं निघतात आणि तिघांची गरज वेगळी असते.

पहिली म्हणजे नुकतीच भरती झालेली पोरं. कुणी बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला जातं, कुणी मध्य प्रदेशात सागरला महार रेजिमेंटच्या, कुणी नाशिकरोडला तोफखान्यात, तर कुणी खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर दलात. ही पोरं पहिल्यांदाच घर सोडत असतात. त्यांना आनंद झालेला असतो, आणि आई दोन दिवस जेवलेली नसते.

दुसरा सुट्टी काढून परत निघालेला जवान. साधारण वर्षाला 60 दिवसांची वार्षिक रजा आणि 30 दिवसांची नैमित्तिक रजा, म्हणजे तो वर्षातून दोन-तीनदा येणार आणि जाणार. प्रत्येक वेळी हारतुरे नकोत, त्याला स्वतःलाच अवघडल्यासारखं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा निघाला, किंवा पहिल्यांदाच फील्डला, म्हणजे सीमेकडच्या नेमणुकीवर चालला, तर जरूर करा.

तिसरा प्रकार सगळे विसरतात. जवानाला पीस स्टेशनला, म्हणजे कुटुंब सोबत ठेवता येतं अशा छावणीत, क्वार्टर मिळतं आणि तो बायको-पोरांना घेऊन निघतो. गाव म्हणतं, बरं झालं, संसार एकत्र आला. पण मागे त्या मोठ्या घरात दोन म्हातारी माणसं उरतात आणि अंगणातली सायकल तशीच पडून राहते. असा समारंभ आम्ही आता आजी-आजोबांना मध्ये बसवून करतो.

निवृत्त होऊन येणाऱ्याचा मान वेगळा. ते स्वागत आहे, त्याची मिरवणूक काढा, हौस भागवा. इथे तो विषय नाही.

जवानाला आधी विचारायचं, की अचानक करायचं?

विचारायचं. आम्ही एकदा विचारलं नव्हतं. एक नायक बारा दिवसांच्या रजेवर आला होता, वडील आजारी म्हणून. जायच्या दिवशी पारावर आम्ही ताशा लावला, फेटा बांधला, पेढे वाटले. तो खाली मान घालून उभा होता. वडील त्या वेळी तालुक्याला दवाखान्यात होते, आणि तिकडे जाऊन यायला त्याच्याजवळ तेवढे दोनच तास उरले होते. ते आम्ही खाल्ले.

तेव्हापासून आधी घरातल्या बाईमाणसांना विचारतो, आईला किंवा वहिनींना. जवान भिडेपोटी "चालतंय की" म्हणतो, त्यावर जाऊ नका.

दिवस कोणता धरावा?

निघण्याच्या आदल्या दिवशीचा नको, आणि निघण्याच्या दिवशीचा तर मुळीच नको. तीन-चार दिवस आधी, संध्याकाळी धारा काढून झाल्यावर. शेवटचे दोन दिवस घरच्यांचे आहेत, त्यात मंडळाने पाय ठेवू नये.

आणखी एक व्यवहार आहे. रजा संपल्यावर हजर व्हायला उशीर झाला तर युनिटात जाब द्यावा लागतो, शिक्षाही होते. आमच्याकडून जम्मूकडे जायचं तर बहुतेक जण पुण्याहून झेलम एक्सप्रेस धरतात, दिल्लीकडे जायला गोवा एक्सप्रेस. तिकीट वेटिंगवर, पावसाळ्यात घाटात दरड, पुढे उत्तरेत धुक्याने गाडी सात तास लेट. म्हणून शहाणा जवान एक दिवस हातचा ठेवूनच निघतो. तुमच्या कार्यक्रमासाठी तो दिवस खर्ची घालायला त्याला सांगू नका.

पाहुणे म्हणून पुढाऱ्यांना बोलवावं का?

सरपंच, मुख्याध्यापक, पोलीस पाटील, गावातले माजी सैनिक, एवढे पुरेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पत्र द्या, कुणाला वेळ असला तर येतात आणि चार उपयोगाच्या गोष्टी सांगून जातात.

पुढाऱ्याला बोलवायचंच असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सेवेतल्या सैनिकाला राजकीय सभेला वा मिरवणुकीला हजर राहायला नियमानेच बंदी आहे. तुमच्या कार्यक्रमात पक्षाचा झेंडा, पक्षाचं उपरणं किंवा निवडणुकीची भाषा आली की अडचणीत जवान येतो, तुम्ही नाही. त्यामुळे आचारसंहितेच्या काळात तर घरगुतीच करा. दुसरी गोष्ट वेळेची. एका पुढाऱ्यासाठी आम्ही अडीच तास थांबलो. जवानाचं दीड वर्षाचं पोरगं मांडीवर झोपून गेलं आणि बापाच्या गळ्यात हार पडताना त्याने पाहिलंच नाही. आता पत्रिकेवरच छापतो: कार्यक्रम सहाला सुरू होईल.

जवानाने गणवेश घालावा का?

तो घालणार नाही, आग्रह करू नका. रजेवरचा माणूस साध्या कपड्यातच बरा. पांढरा सदरा आणि फेटा, बास. आणि त्याच्यासोबत फोटोला शोभा म्हणून मंडळाच्या पोरांनी बाजारातून चट्ट्यापट्ट्याचे मिलिटरी कपडे आणून घालू नयेत. सुभेदारांचा सगळ्यात जास्त राग यावर आहे. नवीन भरती झालेल्या पोरांनीही नाही. प्रशिक्षण संपून कसम परेड, म्हणजे शपथेची परेड, होईपर्यंत तो गणवेश अजून त्यांना कमवायचा असतो.

बॅनरवर काय लिहावं?

नाव, गाव, "हार्दिक शुभेच्छा". संपलं.

युनिटचं नाव, पलटणीचा नंबर, नेमणुकीचं ठिकाण, निघण्याची तारीख, गाडी कोणती हे काहीही लिहायचं नाही. "अमुक सेक्टरमध्ये रुजू होण्यास निघालेले" असं दहा बाय आठचं फ्लेक्स आम्ही चौकात लावलेलं होतं. त्याच रात्री जवान स्वतः शिडी घेऊन आला आणि ते उतरवलं.

हेच व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लागू. जुलै 2020 मध्ये लष्कराने आपल्या लोकांना 89 ॲप मोबाइलमधून काढून टाकायला सांगितली होती, त्यात फेसबुक आणि इन्स्टाग्रामही होतं. ते एवढी काळजी घेतात, आणि इकडे मामाचा मुलगा "भाऊ निघाला बॉर्डरवर" म्हणून तिकिटाचा फोटो टाकतो. कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच माइकवरून सांगा: फोटो काढा, घरात ठेवा, तो पोचल्याचा फोन येईपर्यंत कुठेही टाकू नका. आणि टाकताना मागे कागद, ओळखपत्र, सामानावरचा नंबर दिसतोय का ते बघा.

तिरंगा कसा वापरायचा?

यावर वाद होतात, म्हणून जरा सविस्तर. ध्वजसंहिता 2002 सालची आहे. 30 डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीने पॉलिएस्टरचा आणि यंत्रावर केलेला झेंडाही चालतो, आणि जुलै 2022 पासून तो रात्रीही फडकत ठेवता येतो. पण बाकीचे नियम तसेच आहेत. झेंडा टेबलावर अंथरायचा नाही, स्टेजला झालर म्हणून लावायचा नाही, त्यावर नाव किंवा घोषणा लिहायची नाही, जमिनीला टेकू द्यायचा नाही. जीपच्या बॉनेटवर किंवा टपावर पसरायचा नाही. मोटारीवर झेंडा लावायचा मान ठरावीक पदांनाच आहे, त्यामुळे ट्रॅक्टर-जीपच्या मिरवणुकीत तो हातात, सरळ धरलेला असावा, केशरी वर. पोरांना कागदी झेंडे वाटले तर शेवटी मोजून परत घ्या. सकाळी गटारात सापडलेला एक झेंडा आदल्या दिवसाची सगळी भाषणं खोटी पाडतो.

तीन रंगांची फुलं, फुगे, पताका यांना हरकत नाही. तिरंगी केकबद्दल नेहमी विचारतात. मार्च 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने असा केक कापणं हा राष्ट्रध्वजाचा अपमान ठरत नाही असा निकाल दिला आहे. तरी आमच्याकडे केक नसतोच. जवानाच्या हातात सुरी देऊन टाळ्या वाजवण्यापेक्षा शिरा केलेला बरा.

औक्षण कुणी करायचं? घरात विधवा आजी किंवा आई असेल तर?

तिनेच, आणि सगळ्यात आधी तिने.

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात, म्हणून उत्तर मोठ्याने देतो. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवांबाबतच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनी त्याचं अनुकरण करावं असं परिपत्रक काढलं. ज्या घरातून मुलं फौजेत जातात त्या घरांत हा प्रश्न जास्त बोचतो, कारण तिथली विधवा कधीकधी वीरपत्नी असते. आमच्याकडे एका पोराचा बाप सेवेत असतानाच गेला, आणि मुलगा भरती झाला तेव्हा आई कोपऱ्यात उभी राहिली, चुलतीला पुढे करून. निवृत्त नायक उठले, ताट त्या माउलीच्या हातात दिलं आणि म्हणाले, "आक्का, ह्याला तुझ्याच हातचं कुंकू लागतंय." पुढे कुणी काही बोललं नाही.

बाकी रीत तुम्हाला माहीत आहेच: हळदकुंकू, निरांजन, हातावर दहीसाखर, ग्रामदैवताचा अंगारा. जो कुटुंब घेऊन निघालाय त्याच्या बायकोची ओटी भरा. इतर धर्मांची घरं असतील तर त्यांची रीत त्यांना विचारा.

मुलगी भरती झाली असेल तर काही वेगळं?

फेटा तिलाही बांधा, एवढंच. मे 2021 मध्ये बंगळूरूला लष्करी पोलीस दलातल्या महिला जवानांची 83 जणींची पहिली तुकडी तयार होऊन बाहेर पडली, त्यामुळे "पोरीला झेपेल का" हे वाक्य आता माइकवर शोभत नाही. आणि "लग्नाचं काय" हेही.

अग्निवीरांचा समारंभ करावा का? चार वर्षांत परतच येणार ना?

हा प्रश्न एका मंडळाच्या अध्यक्षांनी त्या पोराच्या बापासमोर विचारला होता.

करावा. जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत सेवा चार वर्षांची आहे, त्यानंतर 25 टक्क्यांपर्यंत जणांना पुढे कायम घेतात. पोराने पहाटे चारला उठून रस्त्यावर धावताना काढलेली तीन वर्षं तेवढीच खरी आहेत. कार्यक्रमात "पुढं काय करणार?" हे विचारू नका, ते त्याच्या डोक्यात चोवीस तास असतंच. मंडळाला खरंच काही करायचं असेल तर चार वर्षांनी जो परत येईल त्याच्यासाठीही असाच मांडव घाला.

एक व्यवहाराचं: अग्निवीरांना वर्षाला 30 दिवसच रजा असते. त्यामुळे पुढची भेट कधी, हे आईला आधीच नीट सांगून ठेवा. गणपतीला येईल अशी खोटी आशा लावू नका.

भेट काय द्यावी?

ट्रॉफी, काचेची फ्रेम, दोन फुटी पुतळा, भिंतीवरचं घड्याळ हे काही नको. ते सगळं घराच्या माळ्यावर जातं.

नव्या पोरांना लागतात त्या वस्तू साध्या: चांगलं कुलूप, जाड मोजे, नेलकटर, सुईदोरा, बूट पॉलिशचा ब्रश, टॉर्च, वही-पेन, कागदपत्रांसाठी पाण्यात न भिजणारी पिशवी. सेंटरच्या पत्रात सामानाची यादी असते, ती आधी वाचा आणि ज्याच्या घरी ऐपत कमी आहे त्याची ती यादी मंडळाने पुरी करा, पण स्टेजवर नाही, घरी जाऊन. महागडा मोबाइल देऊ नका. सुरुवातीच्या काळात प्रशिक्षणात तो हाताशी ठेवू देत नाहीत.

जुन्या जवानाला काय हवं असतं ते एकदा आम्ही विचारलं. तो म्हणाला, "माझ्या सातबाऱ्यावरची वारसनोंद करून द्या." सुट्टीतले निम्मे दिवस त्याचे चावडीत आणि तालुक्याला हेलपाटे घालण्यात जातात, आणि काम होत आलं की रजा संपते. बांधाचं भांडण असेल तर भाऊबंदांना तो सीमेवर असताना जोर येतो. मंडळातल्या दोघांनी कागद घेऊन पाठपुरावा केला, चार महिन्यांत नोंद झाली. त्याहून मोठा सत्कार आम्ही कुणाचा केलेला नाही.

जेवणाचं काय?

गावजेवण घालायची गरज नाही. पिठलं-भाकरी, खर्डा, शिरा केला तरी माणसं खूश असतात. मांसाहार ठेवायचा असेल तर वार बघा. दारू नाही. मिलिटरी कॅन्टीनची बाटली हा विषय प्रत्येक मंडळात कुणीतरी हळूच काढतंच. नाही म्हणजे नाही.

लक्ष द्यायचं ते वाटेच्या शिदोरीकडे. झेलमने दोन रात्री, पुढे गाडीने आणखी वर. ओल्या खोबऱ्याचं, दह्याचं, कांद्याचं काही टिकत नाही. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी, बेसनाचे किंवा डिंकाचे लाडू, चिवडा आणि आमच्याकडचे असल्याने कंदी पेढे. शिदोरी एकट्याची बांधू नका. बराकीत ट्रंक उघडली की पंधरा हात पुढे येतात. निवृत्त सुभेदार सांगतात, पंजाबी, तमिळ, गढवाली सगळ्यांना शेंगदाण्याची चटणी लागायची आणि सुभेदारांच्या वाट्याला डबा धुवायचं काम उरायचं.

भाषणं किती? कोणी काय बोलावं?

तीन, प्रत्येकी पाच मिनिटं. आईला किंवा बायकोला बोलायचं असेल तर माइक द्या, नसेल तर ओढून उभं करू नका.

सगळ्यात महत्त्वाचं: मरणाच्या गोष्टी नकोत. "देशासाठी रक्त सांडायला निघालेला", "तिरंग्यात लपेटून आला तरी अभिमान" असली वाक्यं टाळ्या घेतात. पण पुढच्या रांगेत त्याची बायको बसलेली असते, सात महिन्यांची गरोदर. तिच्या तोंडाकडे बघून बोला. तो कसा धावायचा, शाळेत कुठल्या बाकावर बसायचा, विहिरीत कसा पडला होता, हे सांगा. लोक हसले पाहिजेत. गाणीही तशीच निवडा, रडवणारी लावू नका.

डीजे आणि फटाके?

ताशा-हलगी, लेझीम पुरे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, कायदाच आहे. फटाक्यांबद्दल आमचं मत बदललं ते एका हवालदारामुळे. तो नुकताच नियंत्रण रेषेवरून आला होता. माळ वाजली तसा तो खाली वाकला, क्षणभरच. मग हसला. आम्ही पुन्हा माळ लावली नाही.

खर्च कसा भागवायचा?

घरटी वर्गणी, जमेल तेवढी, आणि हिशेब फळ्यावर. ज्याचा समारंभ त्याच्या घरून एक पैसाही घ्यायचा नाही. पैसे उरले तर 7 डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वजदिनाला, ध्वजदिन निधीत भरा आणि पावती घ्या.

शहरातल्या सोसायटीत कसं करावं?

लहान करा. गच्चीवर चहा, औक्षण, आणि शेजाऱ्यांची ओळख. शहरात जवानाच्या बायकोला शेजारीच माहीत नसतात ही खरी अडचण, म्हणून कार्यक्रम तिच्या ओळखीसाठी आहे असं समजा.

तो गेल्यावर मंडळाचं काम संपलं का?

इथेच बहुतेक मंडळं गळतात. आम्ही समारंभाच्या दिवशीच घरात एक कागद चिकटवतो: रात्री गाडी कोण काढणार, दवाखान्यात सोबत कोण, गॅस संपला तर कुणाला सांगायचं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा फोन. नावं लिहिताना त्या माणसांना समोर उभं करून हो म्हणवून घेतो. वहिनींना कुणाचा फोन चालेल हेही त्यांनाच ठरवू द्या. मदतीच्या नावाखाली कुणी उठून दारात जाऊन बसायचं नाही. जाताना मंडळातली बाई सोबत हवी.

पहिल्या आठवड्यात सगळे चौकशी करतात. तिसऱ्या महिन्यात कुणी करत नाही, आणि ऊस तोडीला आलेला असतो. तेव्हा जा.

स्टँडवर पोचवायला किती जणांनी जायचं?

चार-पाच. एक जीप पुरते. घोषणा द्यायची खूपच हौस असेल तर वेशीवर एकदा "छत्रपती शिवाजी महाराज की जय" म्हणा. मराठा पलटणीची युद्धघोषणाही तीच आहे, बेळगावला निघालेल्या पोराला रोज ती द्यायची आहे.

स्टँडवर मंडळाने सामान वर चढवून द्यावं, पाण्याची बाटली भरून आणावी आणि रसवंतीच्या बाजूला जाऊन उभं राहावं. एसटीच्या खिडकीशी घरच्यांनाच जागा द्या. बाप तिथे काही बोलत नाही, खिडकीचा गज धरून उभा असतो आणि तिकीट नीट ठेवलंस का एवढंच तीनदा विचारतो. कंडक्टरने घंटी दिली की पोरगं "येतो" म्हणतं. कुणी "जा" म्हणायचं नाही, "ये" म्हणायचं.